यंत्र चुकलं की हात थरथरला?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. हात थरथरतात, पण हृदयाची तक्रार कधीच नव्हती. ‘आजी-आजोबांसाठी खास, घरबसल्या डॉक्टरांसारखा ईसीजी’ ही जाहिरात पाहून मी ११,८०० रुपयांचं हातात धरायचं ईसीजी यंत्र ऑनलाइन मागवलं. ते दोन दिवसांआड ‘ठोके अनियमित, डॉक्टरांना भेटा’ म्हणतं. दोनदा रात्री बाबांना मिरजेला दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल, २४ तासांचा होल्टरही (अंगावर लावून दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) नॉर्मल. खर्च १६,४०० रुपये. विक्रेता म्हणतो, पाकीट फोडलंय, परत घेणार नाही. शिवाय माहितीपत्रकात बारीक अक्षरात ‘वैद्यकीय निदानासाठी नाही’ असं छापलंय. ग्राहक आयोगात जाता येईल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, जाता येईल. पण नोटीस चार दिवस थांबवा, कारण तुमची केस नेमकी कोणती हे तुम्हालाच अजून माहीत नाही.

‘दवाखान्यात नॉर्मल आलं, म्हणजे यंत्र खोटं’ हे म्हणणं समोरचा वकील दोन मिनिटांत उडवून लावेल. अनियमित ठोके येतात नि जातात. होल्टर लावला त्या २४ तासांत ते नव्हते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आदल्या रात्रीचं काय, यावर तुमच्याकडे उत्तर नाही.

म्हणून आधी यंत्राचीच साक्ष नीट काढा. बाबांना पाच मिनिटं शांत बसवा. बोटं धुऊन किंचित ओलसर ठेवा, कोरड्या कातडीवर यंत्राची पट्टी नीट लागत नाही. दोन्ही हात टेबलावर टेकवा, बोलू देऊ नका. मोबाइल चार्जरवरून काढा, कारण विजेच्या तारांची गुणगुण आलेखात उतरते. अशा तीन नोंदी घ्या. मग तशाच तीन स्वतःच्या हातांनी घ्या. शेवटी डॉक्टरांची वेळ घेऊन यंत्र सोबत न्या आणि तिथला बारा लीडचा (छातीला नि हातापायांना तारा लावून काढतात तो) ईसीजी चालू असतानाच यंत्रावरही नोंद घ्या. दोन्ही कागदांवर तारीख-वेळ हवी, आणि डॉक्टरांचा दोन ओळींचा शेरा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

तुमच्या हातातही यंत्र बोंब मारत असेल, तर नगच बहुधा सदोष आहे. तुमच्या हातात ते शहाणं आणि बाबांच्या हातात वेडं ठरलं, तर स्नायूंच्या थरथरीला ते ठोके समजत असण्याची शक्यता मोठी. मग ‘सदोष माल’ म्हणू नका. ‘जाहिरातीप्रमाणे नसलेला माल’ म्हणा. थरथरत्या हातांवर चालत नाही ते यंत्र आजी-आजोबांसाठी खास कसं? माझ्या मते ही बाजू जास्त भक्कम आहे. आणि डॉक्टरांच्या कागदावरही ठोके अनियमित दिसले, तर केस विसरा आणि उपचार सुरू करा.

पाकीट फोडल्याची सबब टिकणारी नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. पाकीट न फोडता ईसीजी काढायचा कसा, हे त्यांनाच विचारा! त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आधी ईमेल करा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, ही त्यांच्यावरची मुदत आहे.

‘निदानासाठी नाही’ या ओळीला घाबरू नका. मोठ्या अक्षरात डॉक्टर आणि बारीक अक्षरात खेळणं, ही विसंगतीच तुमचा पुरावा आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच घ्या, उद्या ती बदललेली असेल. खोक्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक आहे का तेही पाहा. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत. क्रमांक नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळा अर्ज द्या.

आयोग सांगलीचाच चालेल, कंपनी कुठलीही असो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराच्या राहत्या ठिकाणी दावा लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. बिल तुमच्या नावावर आणि वापरणारे बाबा. तुमच्या संमतीने वापरतात म्हणून तेही ग्राहकच, तेव्हा दोघांची नावं घाला. मूळ रक्कम व्याजासह, दवाखान्याचा खर्च आणि तक्रारीचा खर्च मागा. दवाखान्याचे पैसे पूर्ण मिळतीलच असं मी म्हणणार नाही. ‘उत्पादन दायित्वा’खाली (सदोष मालाने झालेल्या हानीची जबाबदारी) लाखोंची भरपाई मागा असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. त्या तरतुदीत मनस्ताप हा शारीरिक इजेला, आजाराला किंवा मालमत्तेच्या नुकसानीला जोडलेला लागतो, आणि बाबा सुदैवाने ठणठणीत आहेत.

गरज पडली तर आयोग यंत्र सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तपासणीची फी बहुधा तुम्हालाच भरावी लागेल. तोवर यंत्र उघडू नका, अॅप अपडेट करू नका, जुन्या नोंदी पुसू नका. नोंदींचे प्रिंट देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (डिजिटल नोंदींच्या खरेपणाचं) प्रमाणपत्र जोडा.

आणि पुरावा गोळा करायच्या नादात एक विसरू नका. बाबांच्या छातीत दुखलं, घाम फुटला, तर यंत्र ‘नॉर्मल’ म्हणो की काही, थेट दवाखाना गाठा. असली यंत्रं हृदयविकाराचा झटका ओळखत नाहीत.