कायदा आणि आपण : समन्स मिळाल्यानंतरचे दहा दिवस

प्रश्न : मी कराडमध्ये शिवणकाम करते. एप्रिल 2019 मध्ये एका खासगी वित्त कंपनीकडून 1,80,000 रुपयांचे विनातारण कर्ज 36 हप्त्यांत फेडण्याच्या कराराने घेतले. जानेवारी 2020 पर्यंत दहा हप्ते भरले, त्यानंतर काम बंद पडले आणि हप्ते थांबले. सप्टेंबर 2023 मध्ये वसुलीसाठी आलेल्या माणसाने एका कागदावर माझी सही घेतली. त्याच्याच मोबाईल क्रमांकावर मी दोन वेळा पैसेही पाठवले. आता जून 2025 मध्ये दाखल झालेल्या दाव्याचे समन्स बेलिफाने आणून दिले असून त्याला आज चार दिवस झाले. ओळखीचे म्हणतात, ‘तीन वर्षे उलटली, आता मुदत गेली, तारखेला जाऊच नका.’ मी काय करावे? मला अटक होईल का? माझे शिलाई मशीन नेतील का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ओळखीच्यांच्या सल्ल्यातील ‘जाऊच नका’ हा भाग आधी मनातून काढून टाका, कारण दावा मुदतबाह्य (म्हणजे कायद्याने ठरवलेली मुदत उलटल्यावर दाखल झालेला) असला तरी ते न्यायालयाला पटवून देण्यासाठी तेथे कोणीतरी उभे असावे लागते. कागद वाचून मुदत तपासणे हे न्यायालयाचेही कर्तव्य आहे हे खरे. परंतु समोर फक्त वादीचेच कागद असतील, तर त्या कागदांतून दिसेल तेवढेच त्याला दिसणार.

समन्स पुन्हा काढून पाहा. त्यावर ‘आदेश 37’ (दिवाणी प्रक्रिया संहितेतील) किंवा ‘समरी सूट’ असे शब्द असतील, तर हा साधा दावा नाही, झटपट निकालाचा दावा आहे. साध्या दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, देण्यास 30 दिवस असतात आणि कारण दाखवल्यास ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढू शकते. समरी दाव्यात मात्र समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत स्वतः किंवा वकिलामार्फत हजेरी नोंदवावी लागते व आपला पत्ता दाखल करावा लागतो. तसे न केल्यास वादीचे म्हणणे मान्य आहे असे धरून हुकूमनामा (न्यायालयाचा निकालाचा आदेश) होऊ शकतो. आपले चार दिवस गेले आहेत, म्हणजे सहा उरले. हजेरीनंतर वादी निकालासाठीचे दुसरे समन्स बजावतो आणि त्यापासून पुन्हा दहा दिवसांत बचावाची परवानगी मागणारा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो. येथे एक खाच आहे. दाव्यातील काही रक्कम आपण देणे लागतो असे त्यात लिहिले, तर तेवढी रक्कम न्यायालयात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही. त्यामुळे ‘थोडे देणे आहे’ असे सहज म्हणून लिहू नका. हिशेब तपासून झाल्यावरच आकडा लिहा.

आता मुदतीकडे वळू. हप्त्यांच्या कर्जात सर्वसाधारणपणे प्रत्येक हप्ता चुकल्यापासून तीन वर्षे मोजतात (कंपनीने सगळे कर्ज एकदम परत मागितले असेल, तर हिशेब बदलतो). करोनाकाळामुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला आहे, ही गोष्ट ओळखीच्यांच्या हिशेबात आलेली दिसत नाही. तो काळ वगळूनही आपला शेवटचा, मार्च 2022 चा हप्ता मार्च 2025 मध्ये मुदतीबाहेर जातो, आणि दावा जूनमधला आहे. इथपर्यंत आपली बाजू भक्कम दिसते.

पण सप्टेंबर 2023 मधील त्या कागदाचे काय? मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने देणे मान्य करून लेखी सही दिली, तर मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे त्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. त्यासाठी ‘मी फेडीन’ असे वचन लागत नाही; देणे आहे एवढी कबुली पुरते. त्या कागदावर थकबाकीची कबुली असेल, तर मुदत सप्टेंबर 2026 पर्यंत जाते आणि हा दावा वेळेत ठरतो. केवळ भेटीची नोंद असेल, तर नाही. कागदाची प्रत आपल्याकडे नसल्यास दाव्यासोबतच्या कागदांच्या यादीत ती आहे का ते पाहून वकिलामार्फत प्रत मागा. तेथे काय लिहिले आहे हे वाचेपर्यंत मुदतीच्या मुद्द्यावर विसंबू नका, आणि वसुलीच्या माणसाने आणलेल्या नव्या कागदावर तर मुळीच सही करू नका.

त्याच्या मोबाईलवर पाठवलेल्या दोन रकमा कंपनीच्या खातेउताऱ्यात जमा दिसतात का? दिसत नसतील, तर बँकेचा त्या दोन तारखांचा उतारा प्रतिज्ञापत्राला जोडा. व्याज व दंडाची आकारणी करारातील दराशी पडताळून पाहा. तडजोड करायची असल्यास लोकअदालतीचा विचार करावा, पण हजेरी नोंदवून झाल्यावर. तेथील निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो व त्यावर अपील नसते, म्हणून पेलवेल तेवढाच हप्ता कबूल करा.

अटकेची भीती बाळगू नका. पैशाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत स्त्रीला अटक करता येत नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 56 स्पष्टपणे सांगते. कलम 60 प्रमाणे कारागिराची अवजारे जप्त करता येत नाहीत. आपण त्या मशीनवर पोट भरता, त्यामुळे जप्तीची वेळ आलीच तर हे कलम तेथे लेखी मांडावे लागेल. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि मंगळसूत्रासारखा धर्माने अंगावरून न उतरवायचा दागिनाही याच कलमाखाली सुरक्षित आहे.

वकिलाची फी परवडत नसल्यास विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. उद्या सकाळी समन्स, कर्जाचा करार आणि बँकेचे पासबुक घेऊन न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीत जा, आणि अर्जावर आज समन्सचा कितवा दिवस आहे ते ठळकपणे लिहा, म्हणजे अर्ज बाजूला पडणार नाही.