बुलपप कार्बाईनच्या चित्रात दिखावा कोणता आणि कामाचं काय, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: व्हिडिओ गेमसाठी तुम्ही आखूड बुलपप कार्बाईनचं, म्हणजे जिची यंत्रणा चापाच्या मागे असते अशा छोट्या रायफलीचं, चित्र काढलंय. एकूण लांबी 520 मिलिमीटर, नळी 330, काडतूस 5.56×45. काहींना ती फार आवडली, काहींनी "नुसती दिखाऊ आहे, अशी बंदूक चालणारच नाही" असं सांगितलं. नेमकं काय चुकलंय आणि कुठल्या रेषा ठेवाव्यात, हे तुम्हाला हवंय.

चूक वळणांत नाही, वजाबाकीत आहे. 520 मधून 330 गेले की 190 उरतात आणि एवढ्या जागेत 5.56 ची यंत्रणा बसत नाही.

बुलपपमध्ये मॅगझिन (काडतुसांची पेटी) आणि बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता तुकडा) चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटात असतात. म्हणून कुठल्याही बुलपपच्या एकूण लांबीतून नळीची लांबी वजा करून बघा. ऑस्ट्रियन स्टायर ऑग: 790 वजा 508, म्हणजे 282. ब्रिटिश एल85: 785 वजा 518, 267. फ्रेंच फामास: 757 वजा 488, 269. इस्रायली टावोर: 720 वजा 460, 260. तिचंच आखूड रूप एक्स95: 580 वजा 330, 250. पाच वेगळ्या बंदुका, पण आकडा 250 ते 282 मध्येच. तुलनेला नेहमीच्या मांडणीची एम16ए2 घेतली तर 1006 वजा 508, जवळजवळ 500. बुलपपचा सगळा फायदा या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. आकार कितीही बदललात तरी 250 च्या फारसं खाली जाता येत नाही.

का जाता येत नाही, तेही बघा. 5.56 चं अख्खं काडतूस 57.4 मिलिमीटर लांब असतं. पुढचं काडतूस वर यायचं तर बोल्टला त्यापेक्षा बरंच जास्त, निदान 75-80 मिलिमीटर मागे सरकावं लागतं. बोल्ट आणि त्याचा वाहक मिळून 120 च्या आसपास. मागे खांद्याला टेकणारी रबरी गादी 15. पुढे नळीच्या तोंडावरचा, भडका झाकणारा फ्लॅश हायडर सुमारे 40, कारण तो एकूण लांबीत धरतात पण नळीच्या लांबीत धरत नाहीत. बेरीज करा, 250 होते. आणि यंत्रणा नेहमीच्या अमेरिकन एआर-15 रायफलीची असेल तर तेवढ्यावरही भागत नाही, कारण तिचा बोल्ट मागच्या बफर नळीत शिरतो. म्हणूनच एल85 सारख्या बंदुकांनी एआर-18 या दुसऱ्या अमेरिकन रायफलीची पद्धत उचलली. तिथे परतीच्या स्प्रिंगा वाहकासोबत रिसीव्हरमध्येच, म्हणजे यंत्रणेच्या कवचातच, राहतात.

काडतूस लहान केलं तर सुटेल का? बेल्जियमच्या पी90 चं 5.7×28 काडतूस फक्त 40.5 मिलिमीटरचं आहे. तरी तिचा हिशेब 505 वजा 263, म्हणजे 242 च येतो. तिचा बोल्ट नळीला जखडलेला नसतो, नुसत्या वजनावर मागे जातो, म्हणून तो जड असावा लागतो आणि त्याला जागाही लागते.

तेव्हा तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत. नळी 330 ठेवायची असेल तर एकूण लांबी 580 करा. 520 च हवी असेल तर नळी 270 वर आणा. पण 5.56 ला आखूड नळी मानवत नाही. 508 च्या नळीतून गोळी सेकंदाला साधारण 940 मीटरने निघते, 368 च्या नळीतून 880 च्या आसपास आणि 260-270 च्या नळीतून 790 च्या आसपास. न जळलेली दारू तोंडाशी पेटते. बुलपपमध्ये ते तोंड चेहऱ्याच्या जवळ असल्यामुळे भडका आणि आवाज दोन्ही नेमबाजालाच जास्त सोसावे लागतात. मी 580 चा पर्याय घेईन.

आता पुढच्या हाताची जागा, कारण आखूड बुलपपची चित्रं बहुतेक वेळा इथेच फसतात. दस्त्याच्या मागच्या कडेपासून चापापर्यंतचं अंतर बुलपपमध्ये मोठंच राहतं, कारण त्यात यंत्रणा आणि मॅगझिन दोन्ही बसवायचं असतं. ऑगमध्ये ते सुमारे 380 आहे. तुम्ही 360 धरा. 580 मधून 360 गेले, 220 उरले. त्यातून फ्लॅश हायडरचे 40 आणि चापाच्या कड्याचे 60 काढा. उरले 120, आणि माणसाचा पंजा रुंदीला 90 ते 100 असतो. म्हणजे हात जेमतेम बसतो आणि बोटं नळीच्या तोंडापासून फार लांब नाहीत. तुमच्या चित्रात पुढची पकड फक्त 60 मिलिमीटरची आहे, शिवाय खालची कड गुळगुळीत. हात घसरला की बोटं थेट भडक्यात जातील. तिथे पुढे खाली उतरणारा ठसठशीत अडसर हवाच. पी90 मध्ये पुढचा हात जवळजवळ मागच्या हाताला लागून, अंगठ्याच्या भोकाच्या पकडीवर बसतो आणि त्याच्या पुढचा भाग खाली झुकलेला असतो. बघणाऱ्याला ते वळण शोभेचं वाटतं, पण बोटं पुढे जाऊ नयेत म्हणून ते आहे.

चापाचं दुखणं बाहेरून दिसत नाही, पण जाडी ठरवतं. चाप पुढे, हॅमर (गोळी उडवणारा हातोडा) आणि सीअर (त्याला अडवून धरणारी खीळ) मागे, मध्ये मॅगझिन. दोघांना जोडणारी पट्टी मॅगझिनला वळसा घालून जाते. ती पट्टी मागे ढकलली जाणार असेल तर दाबाखाली थोडी वाकते, घासते, आणि बोटाला चाप स्पंजासारखा लागतो; गोळी नेमकी कधी सुटणार ते कळत नाही. चापाच्या खिळीच्या वरच्या बाजूला पट्टी जोडली तर बोट मागे येताना ती पुढे ओढली जाते आणि ताणाखालची पट्टी वाकत नाही. चित्रात एवढं बारीक दाखवायची गरज नाही. पण मॅगझिनच्या बाजूने पट्टी जाण्याएवढी जाडी दाखवा, नाहीतर जाणकाराला ती बंदूक पोकळ वाटते.

फायर सिलेक्टरचंही, म्हणजे एकेक गोळी की सलग हे ठरवणाऱ्या खटक्याचंही, तसंच. चिनी क्यूबीझेड-95 मध्ये तो पार मागे, मॅगझिनच्याही पलीकडे होता, कारण यंत्रणा तिथे होती. पकड न सोडता तो फिरवता येत नसे, म्हणून सुधारित 95-1 मध्ये तो मुठीच्या वर, अंगठ्यापाशी आणला. ऑगने प्रश्नच काढून टाकला: चाप अर्धा ओढला की एकच गोळी, पूर्ण ओढला की सलग. त्यामुळे तिच्यावर खटका फक्त सेफ्टीचा राहिला. तिचं ते स्वच्छ, मोकळं अंग आलं ते असं. तुमच्या चित्रात सिलेक्टर गादीजवळ, तीन रंगीत खुणांसह काढलाय. दिसायला छान आहे, पण तो मुठीवर हलवा.

रिकाम्या पुंगळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बुलपपचा आकार खरा ठरवते ती पुंगळी. पुंगळी बाहेर पडायची खिडकी नेमकी गालाजवळ येते. उजव्या हाताच्या नेमबाजाला त्रास नाही, पण डावखुऱ्याच्या तोंडावर तापलेलं पितळ उडतं. आणि उजवा माणूससुद्धा डाव्या कोपऱ्याआडून बघताना बंदूक डाव्या खांद्यावर घेतो, तेव्हा त्याचीही तीच गत. एल85 ने यावर उपायच केला नाही: खिडकी आणि कॉकिंगचा (बोल्ट हाताने मागे ओढायचा) दांडा दोन्ही उजवीकडे, त्यामुळे ती उजव्या खांद्यावरूनच चालवावी लागते. ऑगमध्ये डाव्या हाताचा बोल्ट घालायचा आणि झाकण दुसऱ्या बाजूच्या खिडकीवर लावायचं. फामासमध्ये एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारी आकडी) आणि गाल टेकायचा तुकडा बदलायचा. दोन्ही उपाय चोख आहेत, पण बंदूक उघडून करायचे. कोपऱ्यावर उभं राहून नाही.

बेल्जियमच्याच एफ2000 ने, 2001 च्या सुमाराला, वेगळी वाट काढली. तिथे पुंगळी बाजूला उडत नाही. ती नळीच्या शेजारच्या एका बोगद्यात ढकलली जाते आणि पुढे, नळीच्या तोंडाकडे, बाहेर गळते. पहिल्या काही पुंगळ्या आतच राहतात, मागच्यांनी रेटल्या की पुढच्या पडतात. त्या बोगद्यासाठी अंग फुगवावं लागलं. म्हणून ती बंदूक माशासारखी गुबगुबीत दिसते आणि लोकांना वाटतं की कुणी डिझायनरने हौसेने ती गोल केली. तिची किंमतही मोजावी लागते: आत काही अडकलं तर ते बाहेरून दिसत नाही, म्हणून वर उघडणारं झाकण ठेवावं लागलं.

तिच्याशेजारी दक्षिण आफ्रिकेची व्हेक्टर सीआर-21 ठेवून बघा. 1990 च्या दशकाच्या शेवटी आलेली, अजूनही विज्ञानकथेतली वाटावी अशी देखणी. पण आत यंत्रणा जुन्या आर4 ची, जी मुळात इस्रायली गलीलवरून घेतलेली. नव्या प्लॅस्टिकच्या अंगात जुना सांगाडा. तिची वजाबाकी करा: 760 वजा 460, म्हणजे 300. वरच्या सगळ्या बुलपपांपेक्षा जास्त. तिथल्या सैन्याने ती घेतली नाही. मला या दोघींतला फरक फार महत्त्वाचा वाटतो. एफ2000 चा फुगवटा काढला तर ती बंद पडेल. सीआर-21 ची वळणं तासून सरळ केली तर तिच्या चालण्यात काहीच फरक पडणार नाही. तुमच्या चित्रातल्या प्रत्येक रेषेला हीच कसोटी लावा: ही खोडली तर काय बंद पडेल?

तुमच्या चित्रात खिडकी उजवीकडे, गालाच्या बरोबर खाली आहे आणि तिच्यामागे पितळ वळवणारा उंचवटा नाही. नुसता एक तिरपा ठोकळा मागे दिलात तरी पुंगळी पुढे उडते. एल85 च्या ए2 आवृत्तीत कॉकिंगचा दांडाच स्वल्पविरामासारखा वळवला, तोच पितळ पुढे लोटतो. असं एखादं वळण चित्रात आलं की बघणाऱ्याला कारण सांगावं लागत नाही.

मॅगझिन बदलताना कोपर दुमडून हात काखेजवळ न्यावा लागतो आणि नजर तिकडे जाते. म्हणून मॅगझिनची विहीर तोंडाशी रुंद, नरसाळ्यासारखी काढा. सोडायचा खटका बंदूक अंगाशी धरली असताना दाबला जाऊ नये. एल85 च्या पहिल्या आवृत्तीत तो उघडा होता, अंगावरच्या सामानाला घासून दाबला जाई आणि मॅगझिन खाली पडे. पुढे त्याभोवती कड उभारावी लागली. एक्स95 मध्ये हा खटका चापाच्या बोटाला पोचेल असा मुठीजवळ आणला आहे, आणि तीच जागा मला सगळ्यात योग्य वाटते.

गालाखाली चेंबर (काडतूस फुटतं ती नळीची मागची जागा) असतं, ही बुलपपची सगळ्यात गंभीर बाब. काडतूस फुटलं तर तो दाब चेहऱ्याशी सुटतो. सिंगापूरच्या सार21 मध्ये गालाच्या बाजूला केव्लारची पट्टी आहे आणि दाब बाहेर जायला वेगळी वाट ठेवली आहे. तुमच्या चित्रात नेमक्या याच भागावर हवेच्या सहा तिरप्या झडपा कोरल्यात. त्या पुसा. तिथलं अंग भरीव, अखंड हवं. झडपा पुढे नळीभोवती न्या, तिथे तापलेली नळी थंड करायला त्या खरोखर लागतात.

नेम धरायची रेषा वर उचलावी लागते, कारण दस्ता सरळ नळीच्या रेषेत असतो आणि गाल त्यावर टेकला की डोळा नळीच्या बराच वर येतो. शिवाय बंदूक आखूड, त्यामुळे नेम धरायची मागची आणि पुढची माशी (खूण) एकमेकींच्या जवळ येतात आणि नेमातली बारीक चूक मोठी होते. म्हणून ऑगवर 1.5 पट दुर्बीण जन्मापासून बसवलेली, आणि तिचीच उचलायला मूठ केलेली. फामासच्या लांब हँडलखाली कॉकिंगचा दांडा लपतो, तो दोन्ही हातांना सारखा सापडतो, आणि नेमाच्या माशाही त्याच हँडलमध्ये सांभाळल्या जातात. फ्रेंच सैनिक तिला बिगुल म्हणत, पण तो आकार त्या दांड्याने आणि माशांनी घडवलाय. तुमच्या चित्रात वरची पट्टी नळीला चिकटून आहे. ती 60-70 मिलिमीटर वर उचला, नाहीतर नेमबाजाला मान दस्त्यात खुपसावी लागेल.

ठेवण्यासारखंही तुम्ही बरंच काढलंय. पूर्ण पंजा झाकणारं चापाचं कडं ठेवा. ऑगमध्ये ते आहेच, जाड हातमोज्यातही बोट अडकत नाही आणि मूठ कशाला आपटत नाही. गादीची खालची कापलेली कड ठेवा, मॅगझिन बदलताना हाताला तेवढी मोकळीक मिळते. मधला तो खोलगट कंबरेसारखा भाग मात्र बदला, कारण तिथूनच चापाची पट्टी जायची आहे. आता वरून बघितलेलं एक चित्र काढा. मॅगझिनची जाडी 23 च्या आसपास धरा, दोन्ही बाजूंना पट्टीची जागा, मग भिंती. 50 ते 55 पर्यंत जाल. बाजूच्या चित्रात जे बारीक आणि चपळ दिसतंय ते या रुंदीत बसतं का ते आधी बघा आणि मगच रंग भरायला घ्या.