उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या आमच्या गावाचा माग जुन्या टोपोशीटवरून (सर्व्हे ऑफ इंडियाच्या भूरूप नकाशावरून) काढता येईल का?

येईल. शीट मिळालं की आधी समासातलं साल बघा, छपाईचं नव्हे, मोजणीचं. छपाई १९५० च्या दशकातली आणि मोजणी त्याआधी दोन-तीन दशकांची, असं सर्रास आढळतं.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर फुकट मिळणाऱ्या पीडीएफ नव्या मालिकेच्या, त्यांत पाणीच दिसेल. तुम्हाला हवं ते इंचाला मैल (१:६३,३६०) प्रमाणाचं जुनं शीट. धरणाची भिंत ४७ एन/४ क्रमांकाच्या शीटमध्ये येते, फुगवटा (मागे साठलेलं पाणी) पश्चिमेला ४७ जे मध्ये शिरतो. जुन्या कॉलेजांच्या भूगोल विभागांत आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत विचारा. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकी लष्कराचे १:२,५०,००० चे नकाशे खुले ठेवलेत. त्यात गाव म्हणजे एक ठिपका, पण जागा पक्की करायला पुरतो.

शीट सपाट स्कॅन करा, किमान ३०० डीपीआय. मोबाइलचा फोटो कडांना वाकतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत स्कॅनला अक्षांश-रेखांश जोडणारं जिओरेफरन्सर हे साधन आहे; त्यात दर ५ मिनिटांच्या अक्षांश-रेखांशांचे सोळा छेदबिंदू द्या. घडीपाशी कागद ताणलेला असतो, तिथे ओळखीच्या खुणांचे जादा बिंदू घ्या. सगळे चुकतात ते पुढे: या नकाशांचा पाया एव्हरेस्ट गोलाभ, म्हणजे पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणिती माप, आहे. प्रणाली ‘कल्याणपूर १९७५’ (ईपीएसजी ४१४६) निवडा. थेट डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएस वापरतं ती प्रणाली) दिलंत तर आपल्या भागात सगळं शंभर-दीडशे मीटर सरकतं आणि तुमची विहीर दुसऱ्याच्या वावरात जाते. १९०५ पूर्वीचा नकाशा असेल तर रेखांशातच सुमारे अडीच मिनिटांची, म्हणजे चार किलोमीटरहून जास्त चूक असू शकते.

आता समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. जुन्या शीटवर त्या ५० फुटांच्या अंतराने असतात. उजनीची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर, म्हणजे १,६३० फूट. मृत साठ्याची ४९१.०३ मीटर, म्हणजे १,६११ फूट; पाणी याखाली गेलं की धरण ‘मायनस’मध्ये गेलं म्हणतात. गावठाण १,६०० च्या रेषेखाली असेल तर ते धरण बरंच ‘मायनस’मध्ये गेल्याशिवाय उघडं पडणार नाही. १,६०० ते १,६५० मधलं असेल तर बऱ्याच उन्हाळ्यांत जाऊन बघता येईल. रेषांची अचूकता बेताचीच, त्यामुळे दहा-पंधरा फुटांवर पैज लावू नका. बैलगाडीच्या वाटा नदीकाठी जिथे एकवटतात तिथे बहुधा नदी पायी ओलांडायचा उतार किंवा नावेचा धक्का असायचा. विहिरी, देवळं, थडगी यांच्या खुणा समासातल्या सूचीवरून ताडून घ्या.

कुणाचं घर कुठे होतं हे मात्र टोपोशीट सांगत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात भूसंपादनाचा निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) मागा. निवाड्यात सर्व्हे नंबर, खातेदार, घरं, विहिरी, झाडंसुद्धा मोबदल्यासाठी मोजलेली असतात. माझ्या मते अख्ख्या शोधातला सर्वांत मोलाचा कागद हाच. अर्जात निवाड्याचा क्रमांक नसला तर ‘आढळून येत नाही’ असं उत्तर येतं, म्हणून तो आधी जुन्या सातबाऱ्याच्या फेरफारातून (मालकीबदलाच्या नोंदीतून) काढा.