माथेरानला घोडा घ्यावा की ई-रिक्षा? पृथ्वीवर कमी भार कशाचा?

प्रश्न सरळ आहे, पण त्याच्या खाली तुम्ही "घोडा तर शंभर टक्के नैसर्गिकच ना?" असं जोडलंय, त्यामुळे लिहायला बसलो. नाही हो. माझा एक मित्र माथेरानला घोडे चालवायचा. दोन वर्षांपूर्वी गेला. हे वाक्य त्याच्या कानावर पडलं असतं तर त्याने तुमच्या हातात लीद उचलायचं फावडंच दिलं असतं.

एक घोडा दिवसाला दहा-पंधरा किलो लीद टाकतो, पंचवीस-तीस लिटर पाणी पितो. वर कुरणं नाहीत. भुसा, चणे, कडबा सगळं खालून ट्रकने दस्तुरीपर्यंत, म्हणजे गाड्या जिथे थांबतात त्या नाक्यापर्यंत, येतं. जमेची बाजू एवढीच, की घोडा रवंथ करत नाही, त्यामुळे गाई-म्हशींच्या मानाने मिथेन बराच कमी. घोड्यांचीही संख्या बांधलेली हवी, असं तो स्वतः घोडेवाला असून भर नाक्यावर म्हणायचा आणि शिव्या खायचा.

बारावीनंतर दोन हंगाम मी त्याच्याबरोबर दस्तुरीला उभा असायचो. नाताळची गर्दी होती. शंभर किलोच्या आसपासचे एक गृहस्थ आले, त्यांना लालीवर बसायचं होतं. लाली म्हणजे त्याची लाडकी घोडी. हा म्हणाला, "साहेब, चालत जा, नाहीतर मिनी ट्रेनची शटल पकडा." ते दुप्पट द्यायला तयार. हा नाहीच. मीच मध्ये पडलो, "अरे घे ना, बाजारापर्यंत तीनसुद्धा किलोमीटर नाही." तो काही बोलला नाही. गृहस्थ गेल्यावर त्याने माझा हात धरून खोगिराखाली सारला. आत भट्टी होती, खालचा जाड नमदा घामाने चिंब. "आत्ता जाईल ती," तो म्हणाला, "उद्या सकाळी काय करशील?" मग खोगिराचा पट्टा सैल केला, पुढचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि नालेत अडकलेला जांभ्याचा खडा काढत बसला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाठीवरचा भार खोगिरासकट घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत असावा, असं जाणकार सांगतात. त्याला हे गणित माहीत नव्हतं, त्याच्या हाताला ते कळायचं. दिवसाला चार फेऱ्या झाल्या की लाली तबेल्यात. बाकीचे घोडेवाले सहा-सात फेऱ्या मारायचे आणि त्याला माठ म्हणायचे. मीही म्हटलंय, आता लपवून काय उपयोग.

२०२० च्या टाळेबंदीत पर्यटक बंद, पण चंदीचा, म्हणजे घोड्यांच्या खुराकाचा, खर्च चालूच. त्याने दोनातला एक घोडा विकला. दोघांना अर्धपोटी ठेवणं त्याला पटेना. वरातीवाला जास्त देत होता, पण डीजेपुढे नाचवायला नको म्हणून कर्जतकडच्या एका शेतकऱ्याला कमी पैशांत दिला. त्या वेळी मी फोनवर त्याला मूर्खात काढलं. त्यानंतर आमचं नीट बोलणं झालंच नाही.

आता माझ्या मेव्हण्याबद्दल. हा दर लग्नात मला गाठून म्हणतो, की गाड्या थेट बाजारापर्यंत जाऊ द्या, २००३ चं ते इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे निसर्गासाठी जपायचा भाग, वगैरे जुनं झालं. आणि हाच फॅमिली ग्रुपवर पाठवतो, की शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या नऊ मर्यादा सांगितल्या आणि २०२३ पर्यंत त्यातल्या सहा आपण ओलांडल्या, खाली हात जोडलेले. अरे बाबा, माथेरानला गाडी दस्तुरीला लावून पुढे चालावं लागतं, ही तशीच एक बारकीशी मर्यादा आहे. तेवढीही तुझ्या गुडघ्यांना झेपत नाही आणि पृथ्वीला वाचवायला निघालास. गुडघे खरंच दुखत असते तर गोष्ट वेगळी, हा रविवारी बॅडमिंटन खेळतो.

तर तुमचं उत्तर. धडधाकट असाल तर चाला, नाहीतर अमन लॉज स्टेशनहून शटल. आजारी, म्हातारी माणसं असतील तर ई-रिक्षा, तिथे दुसरा विचार नको. तिची वीजही बरीचशी कोळशाचीच, हे खरं, पण एवढ्याशा अंतराला किती लागणार. हातरिक्षा माणसाने ओढणं थांबवा, असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं आणि ई-रिक्षा त्या ओढणाऱ्यांनाच द्यायला सांगितल्या. मित्राचंही हेच म्हणणं होतं. घोडेवाल्यांनी त्यावरून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

घोड्यावर बसूच नये असं मी म्हणत नाही, त्यावर घरं चालतात. वजन पन्नास-पंचावन्न असेल तर खुशाल बसा, फक्त आज कितवी फेरी ते विचारा आणि घोडा लंगडत नाही ना ते बघा. लाली आता मित्राच्या पुतण्याकडे आहे, म्हातारी झालीय, तिच्यावर लहान मुलंच बसवतात. गेल्या दिवाळीत मला बघून तो म्हणाला, "काका, बसा की, पैसे नकोत."

माझं वजन चौऱ्याऐंशी आहे. चालत गेलो.