हिमेजीला जाताय? मग सकाळीच निघा

जपानमध्ये एकाच किल्ल्यापुरता वेळ असेल तर ओसाकाचा सोडा, हिमेजी गाठा. ओसाकाचा मुख्य बुरूज १९३१ साली काँक्रीटमध्ये उभारलेला, आत लिफ्ट. हिमेजीचा लाकडी बुरूज १६०९ पासून उभा आहे. ओसाकाहून जलद गाडीने तासाभराचा प्रवास. स्टेशनबाहेर पडलात की सरळ रस्त्याच्या टोकाला तो पांढराशुभ्र दिसतोच. नऊला दार उघडतं, तेव्हाच हजर राहा. नंतर जिन्यांवर रांग लागते.

मोजे मात्र न घसरणारे घाला, ही कळकळीची विनंती. बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात, आणि जिने शिडीसारखे उभे, लाकूड घासून गुळगुळीत झालेलं. आत सामानसुमान फारसं नाही, म्हणून लोक भराभर वर चढतात. तुम्ही तसं करू नका. दोन प्रचंड खांब तळघरापासून थेट वरपर्यंत गेलेत. पश्चिमेचा गेल्या शतकातल्या दुरुस्तीत बदलला, पूर्वेचा जुनाच. त्याच्यापाशी दोन मिनिटं थांबा.

बुरुजाकडे जाणारी वाटही निरखा. तो समोर दिसतो आणि वाट भलतीकडेच वळते. सह्याद्रीतले गड हिंडलेल्यांना गोमुखी दरवाजे आठवतील. भिंतींतल्या गोल, त्रिकोनी, चौकोनी जंग्यांतून, म्हणजे बाण-बंदुका चालवायच्या भोकांतून, जरूर डोकावा.

शेजारच्या कोको-एन बागेसाठी एक तास राखून ठेवा.