त्रिमूल्य तर्कशास्त्रात सत्यता-वृक्ष कसा काढायचा?

बडोद्यात एम.ए.ला आहात आणि द्विमूल्य (फक्त सत्य-असत्य मानणारा) वृक्ष, म्हणजे सूत्र असत्य मानून शक्यतांच्या फांद्या काढत विसंगती शोधणं, येतो म्हणता, मग निम्मं काम झालंच. फरक एवढाच की ‘सूत्र असत्य मानू’ म्हणून भागत नाही. पोलिश तर्कशास्त्रज्ञ वुकाशेविचच्या १९२० च्या पद्धतीत मूल्यं तीन: १ (सत्य), ½ (अनिश्चित), ० (असत्य). ‘उद्या विश्वामित्रीला पूर येईल’ याला आज ½ द्या. मग ‘येईल किंवा येणार नाही’ हेही ½च राहतं, सर्वतः सत्य नाही! म्हणून दोन वृक्ष काढायचे: एकात सूत्र ०, दुसऱ्यात ½. दोन्ही बंद झाले, म्हणजे प्रत्येक फांदीत एकाच गोष्टीला दोन वेगळी मूल्यं येऊन विसंगती आली, तरच सूत्र सिद्ध.

प → (क → प) घ्या (→ म्हणजे ‘जर-तर’). ते ½ असेल तर एक फांदी: प=१, (क → प)=½. त्यासाठी प ½ किंवा ० हवा, पण तो १ आहे, बंद. दुसरी: प=½, (क → प)=०, म्हणजे प=०; बंद. सूत्र ० धरल्यास प=१ आणि प=० दोन्ही येतात; तेही बंद.

सगळ्या मूल्यांच्या जोड्या मांडणाऱ्या सत्यता-कोष्टकाच्या फंदात पडू नका. चार चलांना (प, क अशा अक्षरांना) ८१ ओळी होतात. ‘० किंवा ½’ अशी एकच संच-खूण लावून दोन वृक्षांचा एक करता येतो, पण आधी हातानं दोन्ही काढा.