वॉनामेकरचा लाइट शो मुलांना दाखवण्यासारखा आहे का, की नुसत्या जुन्या लोकांच्या आठवणी?

प्रश्न: आम्ही या उन्हाळ्यात न्यू जर्सीत राहायला आलो. मुलं ४ आणि ७ वर्षांची. फिलाडेल्फियाच्या वॉनामेकर इमारतीतल्या ख्रिसमस लाइट शोबद्दल ऑफिसातली माणसं डोळ्यांत पाणी आणून बोलतात. व्हिडिओ पाहिला, तर भिंतीवर दिवे लागतात-विझतात एवढंच दिसलं. थंडीत दीड तास गाडी हाकत जाण्यासारखं त्यात काय आहे? आणि दुकानाच्या जाहिरातीला मुलांना कशाला न्यायचं?

उत्तर:

एरवी मी इथे फक्त वाचते. पण "दिवे लागतात-विझतात एवढंच" हे वाक्य दिसलं आणि लिहायला बसले. हेच वाक्य मी १९८३ साली ऐकलंय आणि तेव्हा मला त्याला उत्तर देता आलं नव्हतं.

आम्ही १९८१ला अमेरिकेत आलो. आमचे इथे येण्याचे कागद मोठ्या दिरांनी केले होते. भावोजी १९६८ पासून इथे, न्यू जर्सीत प्रशस्त घर, दारात दोन गाड्या. आम्ही फिलाडेल्फियाला लागून असलेल्या अपर डार्बीत तीन खोल्यांत, गाडी नाही. कुठे जायचं तर ६९व्या रस्त्याच्या टर्मिनलवर 'एल' म्हणतात ती लोकल पकडायची. तेराव्या रस्त्याला उतरून वर आलं की समोर वॉनामेकरचं मोठं दुकान. ज्यांनी कागद केले त्यांच्यापुढे उलट बोलायचं नाही, हा तेव्हाच्या घरांतला नियम कुणी सांगावा लागत नसे.

१९८३च्या डिसेंबरात सासूबाई आल्या होत्या. भावोजींना त्यांना दुकान दाखवायचं होतं. शोचं त्यांच्या मनात नव्हतं, पण दुकान दाखवण्यासारखं होतंच. मधला चौक, ग्रँड कोर्ट म्हणतात तो, सात मजले उंच, सगळा संगमरवरी. मधोमध ब्राँझचा गरुड, ऑगस्ट गॉल या जर्मन शिल्पकाराने केलेला, अडीच हजार पौंड वजनाचा. १९०४च्या सेंट लुइसच्या प्रदर्शनातून तो विकत आणला होता. फिलाडेल्फियात "गरुडापाशी भेटू" म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. सासूबाई म्हणजे लुगडं, त्यावर मुलाचा जुना ओव्हरकोट, पायांत मोजे आणि कॅनव्हासचे बूट. त्यांनी गरुड बघितला आणि सरळ हात जोडले. विष्णूचं वाहन. भावोजींच्या कपाळाला पहिली आठी तिथेच पडली.

मग लोक खाली बसायला लागले. चौकात खुर्च्या नव्हत्या. चांगल्या कोटातल्या बायका, टाय लावलेले बाप्ये, कडेवर पोरं घेतलेल्या आया, सगळे त्या गार फरशीवर फतकल मारून माना वर करून बसले. सासूबाईंना इथे येऊन दोन महिने झाले होते. या देशात दोन महिने त्या सोफ्याच्या कडेवर अवघडून बसत होत्या. सगळे खाली टेकलेले बघून त्यांनी शाल अंथरली आणि मांडी घातली. नातवाला मांडीत ओढलं. शेजारच्या गोऱ्या आजींनी आपली पिशवी उचलून त्यांना जागा केली.

"आई, ऊठ. इथे असं बसत नाहीत," भावोजी म्हणाले.

"अरे, बसलेत की सगळे."

भावोजी शेवटपर्यंत उभे होते, हातमोजे हातात घेऊन. जाऊबाईंचं त्यांच्यामुळे अडलं. त्याही उभ्या.

दुकानातले दिवे मंदावले आणि वरून एक खर्जातला आवाज आला. जॉन फासेंडाचा. हा गृहस्थ पूर्वी तिथल्या टीव्हीवर बातम्या द्यायचा, अमेरिकन फुटबॉलच्या फिल्मनाही त्याचाच आवाज. ते मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की हा आवाज मी ओळखते. अंधार, वरून येणारा भारदस्त निवेदकाचा आवाज, आवाज जिकडे नेईल तिकडे दिवे, सगळ्यांच्या माना वर, पोरं खांद्यावर. अहो, हा तर गणपतीतला देखावा!

माझं माहेर पुण्याचं, शुक्रवार पेठेतलं. बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मंडळाच्या देखाव्याचं लायटिंग वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. लाकडी दंडगोलावर तांब्याच्या पट्ट्या ठोकायच्या आणि तो छोट्या मोटरवर फिरवायचा. पट्टी टेकली की दिवा लागणार, सरकली की विझणार. दिव्यांवर रंगीत जिलेटीनचा कागद. दिवा हळूहळू मंद करायचा तर मिठाच्या पाण्याचं पिंप, त्यात धातूची पट्टी खाली-वर. (आज कुणी करू नका. बाबांना दोनदा सणसणीत बसला होता.) अफजलखानाचा कोथळा निघाला की लाल, कृष्ण आला की निळा. निवेदनाची टेप दहा रात्रींत इतकी घासायची की विसर्जनाच्या आदल्या दिवशी महाराजांचा आवाज घोगरा यायचा. मी पडद्यामागे बसून बाबांना टॉर्च धरायचे.

तर वॉनामेकरच्या भिंतीवर बर्फाच्या चांदण्या आल्या, हिममानव आले, आगगाडी, शिपाई, नाचणाऱ्या बाहुल्या आल्या, खाली रंगीत कारंजी उडाली, मधलं झाड पेटलं, आणि शेवटाला ऑर्गन वाजला, चर्चमध्ये असतो तसा नळ्यांचा. तो व्हिडिओत ऐकू येत नाही, कारण तो कानांनी ऐकायचा नसतोच. २८ हजारांहून जास्त नळ्या आहेत त्याला. खालचे सूर लागले की फरशी थरथरते आणि ते बसलेल्या माणसाला बुडाखालून कळतं. उभ्या माणसाला तेवढं नाही कळत. हाही त्या सेंट लुइसच्या प्रदर्शनातलाच माल, तेरा मालडब्यांतून आणलेला, मग दुकानाने बाराव्या मजल्यावर स्वतःचा कारखाना घालून वाढवत नेलेला. इथे तो पहिल्यांदा वाजला २२ जून १९११ला, पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचा मुहूर्त साधून. म्हणजे तोच, जो त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला उतरला आणि ज्याच्यासाठी आपल्याकडे गेटवे बांधला.

सासूबाई म्हणाल्या, "परत लावणार का रे?" दोन तासांनी परत लावणार होते. भावोजी थांबायला तयार नव्हते.

गाडीत मी बोलून गेले की अगदी आमच्या मंडळासारखं होतं. भावोजी हसले. म्हणाले, "बरोबर बोललीस. तुझ्या बाबांच्या मंडळाचं लायटिंग. दिवे लागतात, दिवे विझतात, गर्दी जमते, दुकान चालतं. पोरांना कशाला ही सवय? उद्या दिवाळी विसरतील."

मी गप्प बसले. नवराही.

त्या रात्री बाबांना पत्र लिहिलं. चार पानं, वर भिंतीचं चित्र, कुठे काय लागतं त्याच्या खुणा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ख्यालीखुशाली दोन ओळींत, आणि खाली: "सर्किटं किती आहेत ते कळव."

तोवर जानेवारी उजाडलेला, शो उतरलेला. पुढच्या डिसेंबरात पोराला घेऊन मोजायला गेले. एकदा नाही, तीन शनिवार. तो डावीकडचे मोजणार, मी उजवीकडचे. चांदण्या एका झटक्यात लागतात की तीन-तीनच्या गटांनी, यावरून आमची भांडणं. साठाच्या आसपास मी दर वेळी चुकायचे, कारण तेवढ्यात झाड लागायचं आणि झाड लागलं की मी मोजायची विसरायचे. बाबांना मी ठोकून "साठच्या वर" कळवलं. त्यांनी लिहिलं, "वर म्हणजे किती?" ते १९८६ला गेले. आकडा राहिलाच.

आता तुमच्या 'जाहिरात'वर येते. हो, जाहिरातच होती. १९५६ साली फ्रेडरिक योस्ट नावाच्या दुकानाच्याच माणसाने तो शो उभा केला, माणसं नाताळच्या खरेदीला आत यावीत म्हणून. मग? जॉन वॉनामेकर व्यापारीच होता. वस्तूवर किंमत लिहायची आणि सगळ्यांना तोच भाव, यासाठी त्याचं नाव घेतात. (भावोजींनी तिथेही एकदा कोटाचा भाव करून बघितला होता. जाऊबाई आरशामागे गेल्या होत्या.) पुण्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध गणपतीच्या नावात हलवाई आहे. दगडूशेठ मिठाईवालेच होते. म्हणून कुणी त्याला बर्फीची जाहिरात म्हणतं का? आमच्या मंडळाच्या कमानीवर सायकलच्या दुकानापासून चिवड्यापर्यंत सगळ्यांचे फलक असायचे, त्याच पैशातून बाबांची तांब्याची पट्टी यायची. वॉनामेकरमध्ये त्या वर्षी आम्ही एक डॉलर खर्च केला नाही आणि आम्हाला कुणी उठवलं नाही.

मुलं आपले सण विसरतात ते दिवे बघून नाही विसरत. घरात कुणी त्यांना टॉर्च धरायला बसवत नाही म्हणून विसरतात. माझा मुलगा आता सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा आहे, दरवर्षी आकाशकंदील स्वतः करतो, कामट्या नाहीत म्हणून लाकडी पट्ट्या तासून. भावोजींकडे दिवाळीला काय होतं ते लिहीत नाही, जाऊबाईही हे वाचतात.

खरं सांगू? भावोजींना तेव्हा संस्कृतीची काळजी नव्हतीच. आई लुगड्यात खाली बसली याची त्यांना लाज वाटली होती. पंधरा वर्षं त्यांनी जे चालणं-बसणं शिकून घेतलं होतं, ते आईने एक शाल अंथरून मोडलं. हे मला तेव्हा दिसलं नाही, नाहीतर कदाचित त्यांची दया आली असती. आज येत नाही.

बरं, कामाचं. दुकानाची पाटी कितीदा बदलली त्याचा हिशेब नको. शेवटी तिथे मेसीज नावाचं दुकान होतं, ते मार्च २०२५ला बंद झालं. शेवटच्या दिवसांत ऑर्गन ऐकायला ही गर्दी. त्याच वर्षी डिसेंबरात लोकांकडून देणग्या गोळा करून शो लावला. म्हणजे शेवटी वर्गणीवरच आला. इमारतीच्या नूतनीकरणाचं चाललंय, तेव्हा निघण्याआधी या वर्षी शो आहे का ते बघून घ्या, माझ्या भरवशावर पोरांना बूट घालू नका.

फासेंडा १९८४लाच वारला. मेसीजच्या काळात निवेदन नटी ज्युली अँड्र्यूजचं झालं, आवाज गोड आहे, मला खर्ज हवा. कारंजी गेली. खेळण्यांच्या मजल्यावर छताखालून पोरांना फिरवणारी मोनोरेल होती, तिचा डबा आता मुलांच्या प्लीज टच म्युझियममध्ये ठेवलाय, तुमच्या चार वर्षांच्याला शोपेक्षा कदाचित ते म्युझियमच जास्त आवडेल. तिसऱ्या मजल्यावर डिकन्सच्या 'ख्रिसमस कॅरोल' गोष्टीतलं गाव मांडायचे, ते मूळ स्ट्रॉब्रिजच्या दुकानातलं. चांगलं होतं, पण रांग लांब असायची.

आणि हो, मी हे सगळं पंचवीस-सव्वीस वर्षांची असताना, घरापासून लांब, पहिल्यांदा बघितलं. तुमच्या मुलांनी टॅब्लेटवर याहून भारी शंभर गोष्टी बघितल्यात. सात वर्षांचा "झालं?" म्हणाला तर चिडू नका. लहानगा अंधाराला आणि ऑर्गनच्या खालच्या सुरांना घाबरू शकतो, त्याला मांडीत घ्या. देवाचा देखावा आणि दुकानाचा शो एक नव्हेत, हेही मला मान्य आहे. भावोजी भेटले तर हे वाक्य त्यांना दाखवू नका.

वरच्या मजल्यांच्या कठड्याशी उभं राहायचा मोह होईल, तिथून फोटो चांगले येतात. चार वर्षांच्याला तो कठडा उंच पडतो. खाली गरुडाजवळ, वेळेच्या अर्धा तास आधी. आता सगळे एलईडी, लाखभर, आणि मागे संगणक, त्यामुळे सर्किटं मोजण्यात पूर्वीसारखा अर्थ राहिलेला नाही. तरी मोठ्याला मोजायला लावा आणि साठाच्या पुढे गेला तर इथे खाली लिहा. बसायला शाल किंवा चादर न्या, फरशी फार गार असते.